मिरचीच्या ताडपत्रीचा तंबू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझी आंघोळ. आंघोळीत मिळून काय असतं, असं कोणी विचारेल. मी दगडावर बसायचो. बायको पाणी ओतायची, पाठ घासायची आणि शिव्या द्यायची. अंग माझं, बाकी सगळं तिचं.

मी उभा जन्म मिरचीच्या पथारीवर काढला. पथारी म्हणजे नंदुरबारच्या बाहेरचं मोकळं रान, तिथं ओली लाल मिरची पसरून वाळवतात. पसरायची, उलटवायची, राखायची. आता कंबर चालत नाही तरी राखणीला जाऊन बसतो. या कामात पोट भरतं आणि नाक मरतं. मला मिरचीचा वास येत नाही, गटाराचा येत नाही आणि लग्नात अंगावर अत्तर शिंपडलं तरी ते पाणी वाटतं. माझं काही अडलं नाही. घरात बायकोचं नाक होतं, ते दोघांना पुरायचं. मी परसात पाय टाकला की ती पदर तोंडाला लावून ओरडायची, "आठेच बसा! तुम्ही मानूस शेतस का मिरचीनं पोतं?" मग दगड, बादली आणि तिचा तो काथ्याचा घासणा. घोड्यालासुद्धा लोक जरा मऊ घासतात.

त्या दिवशी थंडी होती आणि पाणी पुरतं तापलं नव्हतं. मी कुडकुडत बसलो होतो आणि पायरीवर नात उभी होती, आईचा फोन घेऊन. तिला येणाऱ्या वाढदिवसाला तंबू पाहिजे होता. फोनमध्ये कुठली तरी गोरी पोरं घरामागच्या गवतात तंबू ठोकून बसली होती, मधे जाळ, हातात काड्या, काडीच्या टोकाला काहीतरी पांढरं.

"याला कॅम्पिंग म्हणतात, माय," नातीनं आजीला सांगितलं. शाळेत जायला लागल्यापासून ती पुस्तकातलं बोलते.

मी म्हणालो, "ऊस तोडायला गुजरातेत जायचो तेव्हा आम्ही अख्खा हंगाम पालात राहून कॅम्पिंग केलं. कोणी केक आणला नाही."

"तुम्ही गप बसा," बायको म्हणाली आणि माझं डोकं खाली दाबलं. "बांधी देऊत बेटा. तंबूमा काय शे? तुना बाप पालमाच जलमना. तुना आबा बांधी देई." आणि उरलेलं थंड पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ताकाचा गडवा खाली ठेवला आणि बसल्या बसल्या गेली. आजार नाही, दवाखाना नाही. जन्मभर सगळ्या कामाची घाई, मरायचीही तीच घाई. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. असेन.

ती गेल्यावर कळलं, घरात बोलणारं तीच एक माणूस होतं. आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडाला तोंड लावून बोलत नाही, डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. जुनी रीत आहे. मी काही ती काढली नाही, पण मोडलीही नाही. सून खापर गावची, कामाला वाघीण, पण मला कधी 'आबा, जेवा' म्हणाली नाही. ती सासूला म्हणायची, "आबांना जेवायला सांगा." मी तिथंच ताटावर बसलेला असायचो. मग बायको मला म्हणायची, "जेवा." मी बायकोला म्हणायचो, "तिला सांग, मीठ कमी आहे." बायको तिला सांगायची, "मीठ बरोबर शे, याह्नी जीभ गयी." निरोप पोचवता पोचवता बायको त्यात आपलं घालायची, आणि त्यातच घर चालायचं.

मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. सणाला आणि सुट्टीला येतो. म्हणजे घरात उरलो मी, सून आणि नात. टपालाचं काम नातीकडे आलं. तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं की आपल्याशिवाय या दोघांचं पान हलत नाही. मग प्रत्येक निरोपाला बिस्कीट. "आई विचारते, चहा घेणार का. आधी बिस्कीट."

मी पथारीवरून यायचो आणि तसाच घरात शिरायचो. दगडावर बसवायला कोणी नव्हतं. कोणी काही बोललं नाही, तेव्हा मला वाटलं आता म्हातारपणात वास यायचा थांबला असेल. म्हातारपणी बरंच काही थांबतं.

होळी जवळ आली तसा मुलाचा फोन आला. "आबा, वाढदिवसले येस. मंग त्या दोन्हीसले सुरतले लई जास."

"काब्र?"

"त्या घरमा दोन मोठा मानसं, आन दोन्ही मुका. आसं घर चालस का?"

"लई जाय," मी म्हणालो. मी म्हणजे असाच. कोणी म्हटलं तुझा पाय कापतो, तर आधी म्हणेन काप.

फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसलो. भिंत चांगली होती, पण तिच्यासोबत दिवस काढायचे म्हटले तर अवघड. रात्री नात माझ्या अंगावर पाय टाकून झोपते. सकाळी सून भाकरी थापते तो आवाज येतो. एवढंच उरलं होतं माझ्याकडे, आणि तेही सुरतेला निघालं होतं. सुनेला 'राहा' म्हणायचं तर बोलायचं कसं? पाच वर्षांच्या पोरीकडे असला निरोप द्यायचा? तिनं बिस्किटाचा अख्खा पुडा मागितला असता.

मग मी लबाडी योजली. वाढदिवस असा करायचा की पोरीनं जमिनीवर लोळण घेऊन म्हणावं, मी सुरतेला जाणार नाही. सरळ भाषेत याला लाच म्हणतात. देवालाही लोक नारळ देतात, मी पोरीला तंबू देणार होतो.

तयारी सुरू झाली. नात दोघांच्या मधे पळत होती.

"आई म्हणते, चूल नको, दगडांचा गोल करा. फोनमध्ये गोल आहे."

"आईला सांग, गोल करतो. आणि त्या काडीवरचं पांढरं काय आहे ते विचार."

ते पांढरं काय आहे हे कोणालाच कळलं नाही. सुनेनं फोनमध्ये नाव शोधलं, मी ते किराणावाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, पांढरं आणि गोड म्हणजे बत्तासा." मी बत्तासा काडीला बांधून जाळावर धरला. तो आधी काळा झाला, मग माझ्या अंगठ्यावर सांडला. मग मी ठरवलं, वांगी. वांगं जाळावर भाजायला आपल्याला कोणी शिकवायला नको. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ, त्यात वांगी आणि काडीला पापड. नातीनं तोंड वाकडं केलं, पण पापडाला हो म्हणाली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कळसाडीहून माझी मोठी बहीण आली. तिला दात नाहीत, पण चावते. परसात फुगे बघून दारातच थांबली.

"भाऊ, आखाजीले तिनी घागर भरानी बाकी शे, आन तू फुगा बांधी ऱ्हायना?"

आमच्याकडे घरात कोणी गेलं की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावानं घागर भरतात, जेवण घालतात. तोवर घरात गोडधोड नाही, गाजावाजा नाही. बहिणीचं चुकीचं नव्हतं. पण मला घाई होती.

"पोरना वाढदिवस आखाजीनी वाट दखाव नही," मी म्हणालो. "आन तंबूना शब्द तिनाच शे, मना नही."

"मरी गयी ती, आन शब्द दी गयी तुले?"

"तिनी सवयच ती."

बहीण बसली. उठून गेली नाही, म्हणजे तिचा अर्धा होकार. उरलेला अर्धा ती टोमण्यात देते.

आता मुख्य म्हणजे तंबू. बाजारात रंगीत तंबू मिळतात, सूनही तसा आणायला तयार होती, असं मला नंतर समजलं. पण मी पथारीवरून ताडपत्री आणली. अवकाळी ढग आले की मिरचीवर झाकतात ती. जुनी, जाड, अख्खं घर झाकेल एवढी. मालकाला म्हणालो, दोन दिवस देतो का, तो म्हणाला, ने. रिक्षात टाकून आणली. रिक्षावाला सगळ्या वाटेत शिंकत होता. मला वाटलं, त्याला सर्दी आहे.

परसात पसरली, खराट्यानं झाडली, काठीनं बडवली. लाल धूळ उडाली ती उडाली, बाकीची शिवणीत बसली होती. सून घराच्या खिडकीतून बघत होती. तिनं नातीला आत बोलावलं, काहीतरी सांगितलं. नात पळत आली.

"काय म्हणते आई?"

"म्हणते, लवकर बांधा."

मी लवकर बांधला. कडुनिंबाच्या फांदीला मधला दोर, चारी कोपऱ्यांना खुंट्या. पाल ठोकायला हात विसरलेले नव्हते. आत जाऊन बसलो. थंडगार सावली. मला फार आवडलं. तिथंच मेलो असतो तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा सुरतेहून आला, मिठाईचा डबा घेऊन. तंबू बघून त्याचा चेहरा पडला. गल्लीतल्या लोकांसमोर बापानं पाल ठोकलेलं त्याला आवडलं नाही. "आबा, हाई काय ऊसतोडीना पडाव शे का?"

"तू जलमना तवय यान्हापेक्षा फाटेल व्हता," मी म्हणालो. तो घरात गेला.

ऊन उतरायला लागलं तशी गल्लीतली पोरं आली, शाळेतली आली. सगळ्यांच्या हातात बॅटऱ्या, नातीनं सांगून ठेवलं होतं. अडचण एकच, बाहेर लख्ख उजेड. बॅटरी लावून काय दिसणार? नात हुशार, आजीवर गेलेली. म्हणाली, "सगळे आत चला. आबा, दार बंद करा, म्हणजे रात्र होईल."

मी दाराचा पडदा ओढला, वर दोरी बांधली आणि खाली दगड ठेवले. पोरं आत, अंधार आत, दिवसभर तापलेली ताडपत्री वर. आतून आधी हसण्याचा आवाज आला. मग एक शिंक. मग दुसरी. मग सगळीच पोरं एकदम शिंकायला लागली, आणि त्यानंतर जो आरडाओरडा उठला तो मी कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस शिरल्यावरच ऐकला आहे. पोरांनी डोळे चोळले होते. चोळल्यावर मिरची काय करते हे मी तरी सांगायला नको.

मला दोरीची गाठ सुटेना. गाठ मीच मारली होती, पक्की, जन्मभराच्या सवयीची. शेवटी पोरांनीच दगड ढकलले आणि पडद्याखालून बाहेर सरपटत आली, लाल डोळे, नाकं गळत, एकमेकांना धरून. आया धावल्या, आणि त्यांनी पोरांना जवळ घेतल्यावर त्यांचेही डोळे चुरचुरायला लागले. माझा मुलगा पडदा बाजूला करायला गेला आणि शिंकत मागं आला. माझ्या बहिणीनं लुगड्याच्या पदरानं एका पोराचं तोंड पुसलं, मग त्याच पदरानं स्वतःचं. सगळं परस रडत होतं. मी एकटा मधे उभा, कोरडा ठणठणीत, हातात दोरी.

तेव्हा सून पुढं आली. पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, काखेत नात. गल्ली बघते आहे, नवरा बघतो आहे, सासूच्या मानाची माझी बहीण बघते आहे, याची तिला शुद्ध नव्हती.

"आबा! धोई टाका आसं सांगेल व्हतं ना मी! तुमले नाक शे का नही?"

एवढ्या वर्षांत तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

शिंका तेवढ्या चालू राहिल्या. मुलगा आ वासून. सुनेचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"नही," मी म्हणालो. "नाक नही."

तिनं नातीला काखेतून खाली ठेवलं.

"तवय माले सांगानं ना सरळ," मी म्हणालो.

"पोरजोडे सांगेल व्हतं."

दोघांनी नातीकडे बघितलं. नातीनं नाक ओढलं. "धुतली असती तर ओली राहिली असती," ती रडत रडत म्हणाली. "ओल्या तंबूत वाढदिवस कसा करणार?"

बहिणीनं लाल डोळ्यांनी सगळं परस एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "तिना दहाव्या दिनले बी इतलं कोनी रडनं नव्हतं, भाऊ!"

आणि मला हसू आलं. पोटातून आलं, आवरेना. दगडावर बसलो आणि हसलो. हसता हसता कुठून तरी दुसरंच काही वर यायला लागलं, ते मी खोकून खाली दाबलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या नाकात अखेर मिरची गेली.

पुढचं सगळं सुनेनं आणि बहिणीनं केलं. थंड दूध, तुपाचं बोट, मग सगळी पोरं कपड्यांसकट परसातल्या नळाखाली. सून सरळ हुकूम सोडत होती, आणि मला सुद्धा. "आबा, बादली आना." आणली. "आबा, दूर सरका, तुमना आंगले बी शे ती." सरकलो. पोरांना पाण्यात मजा यायला लागली, रडं गेलं, एकमेकांवर पाणी उडवायला लागली. मग पऱ्हाटी पेटवली. ओली पोरं गोल दगडांभोवती बसून काडीवर पापड भाजून खात होती. केक कापला. एका पोरीनं जाताना विचारलं, पुढच्या वाढदिवसाला पण असंच रडायचं का. तिला तो खेळाचा भाग वाटला होता.

माझी लाच मात्र फुकट गेली. नातीनं जमिनीवर लोळण घेतली नाही, सुरतेचं नावही काढलं नाही. दमून ओसरीवर झोपली, हातात भेट आलेली शिट्टी.

दिवे लागले, जेवणं झाली. मुलगा त्याच्या बायकोला म्हणाला, "उद्या सकाळी गाडी शे. कपडा भरी ल्हे." मी ओसरीवर तंबाखू मळत होतो. ऐकू येत होतं. आता बोलायची पाळी माझी होती आणि हातात तंबाखू होती. खरं म्हणजे तंबाखू नसती तरी बोललो नसतो.

सून म्हणाली, "ताडपत्री धवानी शे."

"आबा धोईतीन."

"एकला मानूसनं काम नही ते."

"आन ताडपत्री धवाले कितला दिन लागतस?"

सुनेनं ताटं गोळा केली. "मोठी शे," म्हणाली.

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी तंबाखू तोंडात टाकली आणि कडुनिंबाकडे बघितलं. माझी बहीण आतून म्हणाली, "तू जाय रे सुरतले. तुले ताडपत्रीमधलं काय समजस?"

सकाळी मुलगा एकटा गाडीला गेला. कधी नेणार, नेणार की नाही, हे ठरलंच नाही. मी दोर सोडले, खुंट्या उपटल्या. ताडपत्री नळापाशी पसरली. साबण टाकला, पायानं तुडवली, खराट्यानं घासली. सून दुसऱ्या टोकाला, पदर कमरेला खोचलेला. पिळायला तिनं तिकडून धरली, मी इकडून.

"आबा, ओढा ना जोरमा."

ओढली. लाल पाणी निघालं, मग गुलाबी, मग नुसतं मळकं. तिनं एक कोपरा उचलून नाकाला लावला.

"येस आजून."

"माले नही येत."

"तुमले काय इचारी ऱ्हायनू मी? आखो धुवा."

मी पुन्हा धुवायला घेतली.